पायाखालची तरफ
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



संतवाङ्मय आणि नाट्यसंगीत यांनी गाजलेल्या या मालेत मोटारीच्या पेडलांविषयी बोलण्यास उभे राहणे, तेही आमच्यासारख्या कलाशाखेच्या पदवीधराने, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु मंडळातील अनेक घरांतील मुले आज अभियांत्रिकी महाविद्यालयांत आहेत. इंदूरजवळील पीथमपूर येथे २००७ साली सुरू झालेल्या ‘बाहा’ स्पर्धेसारख्या उपक्रमांनी त्यांना स्वहस्ते गाडी बांधण्याचे वेड लावले आहे. ही मुले रात्ररात्र कशात गढलेली असतात हे त्यांच्या मातापित्यांना कळावे, एवढाच आमचा हेतू.

सुटे भाग आणून घरी गाडी जोडण्याची हौस विशेष फोफावली ती इंग्लंडात. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीची ‘सेव्हन’ ही गाडी १९५७ साली आली. तयार गाडीवर तेथे खरेदीकर पडे, सुट्या भागांच्या संचावर पडत नसे. १९७३ साली मूल्यवर्धित कर आला, ही सवलत संपली आणि त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅमकडे गेले. कराच्या फटीत एक कला रुजावी, याची मौज सरकारी नोकरीत केस पांढरे झालेल्या आम्हांस अधिक!

अशा गाडीत पाय ठेवण्याची जागा चिंचोळी असते. क्लच, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर तिथेच बसवायचे, शिवाय स्टिअरिंगचा दांडाही तेथूनच जाणार. नवखा कारागीर प्रथम पेडले ठोकून बसवितो आणि मग आसन कुठे मावते ते पाहतो. आमच्या मते क्रम नेमका उलटा हवा. आधी आसन, त्यात चालविणारा स्वतः, पट्टा बांधून आणि नेहमीचे बूट घालून. मग पुठ्ठ्याची नि प्लायवूडची पेडले पुढेमागे सरकवून जागा ठरवावी. ब्रेक पूर्ण दाबला असताही गुडघ्यात थोडा बाक उरला पाहिजे. ब्रेकचे पेडल अ‍ॅक्सिलरेटरपेक्षा किंचित उंच असावे, आणि एका बुटाखाली दोन्ही सापडू नयेत.

खरी मेख पुढे आहे. ब्रेकचे पेडल म्हणजे शाळेत शिकलेली तरफ. टेकूपासून पाऊल २५ सेंटिमीटरवर आणि मास्टर सिलिंडरला ढकलणारा पुशरॉड ५ सेंटिमीटरवर असेल, तर पायाचा ४० किलोंचा जोर पाचपट होऊन २०० किलो होतो. आता पाय नीट पोहोचावा म्हणून कोणी तीच तरफ २० सेंटिमीटरवर कापली, तर १६० किलोच उरतात. सोयीसाठी केलेल्या एवढ्याशा कापाकापीने ब्रेकचा पाचवा हिस्सा नाहीसा झाला! या हलक्या गाड्यांत बहुधा ब्रेकला जोर पुरविणारे साह्ययंत्र नसते. जे काही आहे ते पायाचेच. म्हणून तरफेला हात न लावता सबंध पेडलसंचच पुढेमागे सरकेल अशी योजना करावी.

सिलिंडर लहान घेऊन ही तूट भरून काढता येते, असे मुले म्हणतात. ते खरे आहे. पाऊण इंची सिलिंडराऐवजी पाच-अष्टमांश इंची घेतला, तर तेवढ्याच जोराला सुमारे ४४ टक्के अधिक दाब मिळतो. पण पेडलही त्याच प्रमाणात अधिक खोल जाते, आणि चिंचोळ्या जागेत तेवढी खोली असतेच असे नाही. पुढच्या व मागच्या चाकांना वेगळे सिलिंडर असतील, तर त्यांतील वाटणी बॅलन्स बारने करतात. ब्रेक लागताच गाडीचा भार पुढे झुकतो. अशा वेळी मागची चाके आधी जखडली, तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते.

एका परिचित तरुणाच्या गाडीत हिशेब सारा बिनचूक होता, तरी ब्रेक लोण्यासारखा मऊ लागे. दोष तेलात नव्हता. पेडल ज्या पातळ पत्र्यावर जडविले होते तो पत्राच वाकत होता. एकाने पेडल दाबायचे आणि दुसऱ्याने विजेरी घेऊन पत्र्याकडे पाहायचे, एवढीच परीक्षा. फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धांच्या नियमांत ब्रेकच्या पेडलाने नि त्याच्या बैठकीने २००० न्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलोंचा भार न मोडता सोसावा असे आहे, ते उगाच नव्हे. घाबरलेला माणूस मोजून दाबत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. पेडल मोकळे असता पुशरॉडला सुमारे १ मिलिमीटर सैल जागा हवी. ती नसेल, तर सिलिंडरातील सूक्ष्म छिद्र झाकलेलेच राहते, तापून फुगलेले तेल टाकीत परतत नाही आणि ब्रेक आपोआप धरू लागतात.

मंडळातील मुलांनी केलेला लाकडी नमुना बाजूच्या मेजाजवळ मांडला आहे. ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनी आसनात बसून पाहावा. बूट मात्र काढू नयेत.