‘इतरांपेक्षा जास्त आराम’, पण इतरांना काय मिळालं होतं?

आज पाठदुखीबद्दल बोलू या.

मी नागपूरच्या धंतोलीतल्या रस्त्यांवरून फिरतो तेव्हा पाट्या वाचतच राहतो. हाडांचे डॉक्टर, फिजिओथेरपी, स्कॅन सेंटर, औषधांची दुकानं. पाठदुखीचे चार पेशंट इथे आले, तर एकाला गोळ्या मिळतील, दुसऱ्याला कमरेचा पट्टा, तिसऱ्याला व्यायाम, चौथ्याला एमआरआयची चिठ्ठी. संशोधनात या सगळ्या खिचडीला एकच नाव आहे: ‘नेहमीचे उपचार’.

नवा उपचार तपासताना चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडतात. एकाला नवा उपचार, दुसऱ्याचं आधीचंच चालू. आता बघा, पहिल्या गटाला शिकवणारा माणूस मिळतो, ठरलेली वेळ मिळते, नवी आशा मिळते. दुसऱ्या गटाला माहीत असतं की आपल्याला काही नवीन मिळालं नाही. मग फरक पडला तर तो उपचाराचा, की या बाकीच्या गोष्टींचा?

२०११ साली योगावरचे दोन अभ्यास आले. ब्रिटनमध्ये ३१३ जण होते. नेहमीचे उपचार दोन्ही गटांना, पण एका गटाला वर योगाचे १२ क्लास. तीन महिन्यांनी योगावाल्यांची रोजची कामं जास्त सोपी झाली होती. दुखण्यात मात्र ठळक फरक दिसला नाही.

दुसरा अभ्यास अमेरिकेतला, २२८ जणांचा. तिथे तीन गट: योगा, स्ट्रेचिंगचा क्लास आणि फक्त एक माहितीपुस्तक. योगा पुस्तकापेक्षा सरस ठरला. स्ट्रेचिंगपेक्षा? नाही!

म्हणजे योगा बेकार का? अजिबात नाही. ‘आहे त्यात योगाची भर घालून फायदा होतो का?’ याचं उत्तर पहिला अभ्यास देतो, आणि पेशंटला तेच हवं असतं. पण ‘योगाच का?’ हे विचारायचं, तर समोर तितक्याच मेहनतीचा दुसरा व्यायाम ठेवावा लागतो.

म्हणून कुणी महागडं पॅकेज दाखवून ‘इतरांपेक्षा जास्त आराम’ म्हणालं, तर पैसे भरण्याआधी विचारा: इतरांना नेमकं काय दिलं होतं?

आणि हो, पाठदुखीसोबत पायातली ताकद जात असेल किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटत असेल, तर हा एपिसोड बंद करा आणि आधी दवाखाना गाठा.

भेटू पुढच्या भागात!