गाठी बांधणारे हात

1981 साली रेई कावाकुबो आणि योजी यामामोतो या दोन जपानी वेषरचनाकारांनी आपले कपडे पॅरिसमध्ये प्रथम मांडले, तेव्हा तेथील जाणकार बुचकळ्यात पडले. काळा रंग, अंगाला न चिकटणारे ढगळ आकार, उसवल्यासारख्या कडा. श्रीमंती मिरवण्याच्या त्या बाजारात अनेकांना हे दारिद्र्याचे सोंग वाटले. पुढे निंदेची जागा कौतुकाने घेतली. इस्सेई मियाके यांनी तर त्याआधीच शेतकऱ्यांच्या जाड टाक्यांची साशिको शिवण शहरी कपड्यांत आणली होती. यामामोतोंचे वडील दुसऱ्या महायुद्धात मारले गेले आणि आईने तोक्योत शिवणकाम करून मुलाला वाढवले. कायद्याची पदवी घेऊन तो मुलगा अखेर शिवणकामाकडेच वळला. या मंडळींना श्रमाची ओळख नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल.

प्रश्न आहे तो त्यांच्या नावामागे उभ्या असलेल्या, स्वतःचे नाव नसलेल्या हातांचा. त्यासाठी आरिमात्सुकडे पाहावे. आता नागोया शहरात सामावलेले हे गाव 1608 साली तोकाइदो या राजमार्गावर वसवले गेले. शेतीवर पोट भरेना, म्हणून सुती कापडाला गाठी मारून ते निळीत रंगवायचे आणि वाटसरूंना विकायचे, हा धंदा तेथील लोकांनी धरला. हिरोशिगे या चित्रकाराच्या राजमार्गावरील चित्रमालिकेतही ही दुकाने दिसतात.

या बांधणीचे शंभराच्या आसपास प्रकार तेथे रुजले. कापडावर प्रथम धुऊन जाणाऱ्या निळ्या रंगाने खुणा उमटवतात. मग ते कापड घरोघरी जाते आणि बायका दोरा आवळून एकेक गाठ बांधतात. जिला कोळ्याच्या जाळ्यासारखी बांधणी येते, ती आयुष्यभर तीच करते. दुसरा प्रकार हवा असेल, तर कापड दुसऱ्या घरी जाते. रंगारी वेगळा, रंगाईनंतर दोरे काढणारे हात वेगळे. मजुरी नगावर मिळते. कौशल्य असे वाटले गेले, की शेजारणीची गाठ हिला येत नाही आणि पुरे कापड घेऊन बाजारात उभे राहण्याचे बळ दोघींतही नाही. ते बळ काम वाटणाऱ्या व्यापाऱ्याकडे राहिले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानमधील मजुरी वाढली, तेव्हा हेच काम आधी कोरियात आणि नंतर चीनमध्ये पाठवले गेले. कला गावाच्या नावाने ओळखली जात राहिली, गाठी मात्र परदेशातल्या बायका बांधू लागल्या.

यानागी सोएत्सु या विचारवंताने 1925 साली ‘मिंगेइ’, म्हणजे लोकांची कारागिरी, हा शब्द सहकाऱ्यांसह रूढ केला आणि 1936 साली तोक्योत तिचे संग्रहालय उभारले. रोजच्या वापरातील साध्या वस्तूंना त्याने प्रतिष्ठा दिली, हे त्याचे ऋण मोठे आहे. परंतु सौंदर्य अनाम कारागिराच्या हातून उमलते, या त्याच्या सिद्धांतात एक गैरसोयीची बाजू आहे. अनाम राहणे हा कारागिराने स्वीकारलेला वैराग्यधर्म नव्हता. त्याला नाव विचारलेच गेले नव्हते! आणि नाव नसलेल्या माणसाशी मजुरीची घासाघीस करणे सोपे असते.

सरकारने काही केले नाही असे नाही. निवडक कलावंतांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ मानून वर्षाला 20 लाख येन दिले जातात. 1974 साली पारंपरिक हस्तउद्योगांसाठी कायदा झाला आणि 1975 साली आरिमात्सुच्या बांधणीला त्याखाली मान्यता मिळाली. वस्तू रोजच्या वापरातील असावी, मुख्यतः हाताने केलेली असावी, तंत्र जुने असावे, अशा त्याच्या अटी आहेत. बांधणाऱ्या बाईला दिवसाकाठी किती मिळावे, ही अट त्यांत नाही.

वेगळे प्रयत्नही आहेत. आरिमात्सुतील एका कारागीर घराण्याच्या पाचव्या पिढीतील हिरोयुकी मुरासे यांनी 2008 साली जर्मनीत ड्युसेलडॉर्फ येथे आपला व्यवसाय सुरू केला. उंची लोकरीवर ती जुनी बांधणी करून ते शाली, कपडे आणि दिव्यांची आवरणे युरोपात विकतात. युकाता नेसणारे कमी झाले, म्हणून गाठ संपली असे त्यांनी मानले नाही.

परंतु जपानी वस्त्राची गोष्ट एवढ्या एका गावाची नाही. ‘मेड इन जपान’ची पट्टी लावणाऱ्या अनेक लहान शिवणकारखान्यांत चीन आणि व्हिएतनाममधून आलेल्या मुली राबत आल्या आहेत. 1993 साली सुरू झालेल्या तांत्रिक प्रशिक्षण योजनेत त्यांना कामगार न म्हणता शिकाऊ म्हटले गेले, आणि पगार थकला तरी मालक सहसा बदलता येत नसे. 2024 साली जपानच्या संसदेने ही योजना मोडीत काढणारा कायदा केला. त्या जागी येणाऱ्या व्यवस्थेत ठरावीक काळ एका ठिकाणी काम केल्यावर, आणि कौशल्य व जपानी भाषेच्या परीक्षा उतरल्यावर, त्या मुलींना दुसऱ्या मालकाकडे जाण्याची मुभा आहे.