उत्तर ताजं आहे का, ते पाहा



चॅटबॉट ज्या मजकुरावर शिकतो, तो एका तारखेला थांबतो. पुढचं त्याला ठाऊक नसतं. म्हणून आम्ही इंजिनिअर लोक त्याला वेब सर्च जोडतो. प्रोग्रॅम आधी इंटरनेटवर शोधतो, सापडलेल्या पानांतला मजकूर तुमच्या प्रश्नासोबत चॅटबॉटला देतो आणि तो त्यावरून उत्तर लिहितो. मायक्रोसॉफ्टच्या बिंगने फेब्रुवारी 2023मध्ये अशी सोय आणली.

पण पान जुनं सापडलं, तर उत्तरही जुनंच. लाडकी बहीण योजना आठवा. जून 2024च्या अखेरीस जाहीर झाली तेव्हा वयाची अट 21 ते 60 होती आणि मुदत 15 जुलै. जुलैच्या सुरुवातीलाच वय 65 झालं, मुदत 31 ऑगस्ट. पहिल्या बातम्या मात्र इंटरनेटवर तशाच राहिल्या.

समजा, आपल्या सोलापुरातल्या विडी वळणाऱ्या 62 वर्षांच्या एखाद्या खालांसाठी नातवाने तेव्हा विचारलं असतं आणि सर्चला पहिलीच बातमी सापडली असती. ‘त्या पात्र नाहीत’ असं उत्तर शुद्ध मराठीत आलं असतं. खालांनी अर्जच केला नसता. महिन्याचे 1500 रुपये गेले असते.

म्हणून मोहल्ल्यातल्या शिकलेल्या मुला-मुलींना एकच विनंती. कुणाचा फॉर्म भरताना उत्तराखालची लिंक उघडा. पान कुणाचं, तारीख कोणती, ते बघा. शासन निर्णय वाचा आणि त्यानंतर दुसरा निघालाय का, तेही शोधा. मगच खालांना ‘नाही’ म्हणा.