गाडी, होडी आणि सोमवारची बैठक

जेवणं आटोपली असतील. भांडी मोरीत पडली असतील तर पडू देत, रेडिओ जवळ घेऊन बसा. आज कर्ज, व्याज, काजूचा भाव यातलं आम्ही काही काढणार नाही. आज बोलायचं आहे शर्यतीच्या गाड्यांबद्दल आणि शिडाच्या होड्यांबद्दल. हसू आलं ना? आम्हीही हसलोच होतो. आमचं ते हसणं कुठे चुकलं, तेही ओघात सांगतो.

आमच्या खाडीकाठच्या एका गटात दोन ताई आहेत. शेजारी शेजारी राहतात, एकीचा मुलगा आणि दुसरीची मुलगी एकाच वयाची. मुलगा डिप्लोमाला आहे, मुलगी तालुक्याच्या कॉलेजात बी. ए.ला. मुलाला गाड्यांचं वेड. त्याच्या कॉलेजातली पोरं मिळून एक गाडी बनवतात, एका माणसाची, पाइपांच्या पिंजऱ्याची, डोंगरदऱ्यांत पळवायची. मुलीला होडीचं वेड. ती एनसीसीच्या नौदल विभागात आहे, तिथे वल्हं मारायला आणि शीड चढवायला शिकवतात. संध्याकाळी दोघं पडवीत बसली की वाद सुरू. हा म्हणणार इंजिन, ती म्हणणार वारा. आया आत भाकऱ्या थापत ऐकायच्या आणि म्हणायच्या, दोघांनाही कामधंदा नाही.

मग झालं असं, की मुलाला गाडीच्या वर्गणीसाठी चार हजार हवे होते. त्याच्या आईने गटाकडे अंतर्गत कर्ज मागितलं. आम्ही वहीत कारण लिहिलं 'शिक्षण', सह्या झाल्या, चहा झाला. पाच मिनिटांचं काम. तीन महिन्यांनी मुलीची वेळ आली. दहा दिवसांची शिडाच्या बोटीची मोहीम, एका बंदरातून दुसऱ्या बंदरात. राहणं-जेवण त्यांच्याकडेच, पण बूट, रेनकोट, सरावाला जाण्यायेण्याचं भाडं, असे पंधराशे रुपये लागत होते. त्या पंधराशेवर आम्ही सव्वा तास बोललो! मुलीच्या जातीला हे कशाला, रंग काळवंडेल, पोरं बरोबर असणार, उद्या लग्नात कोणी विचारलं तर काय सांगायचं. शेवटी कर्ज मंजूर केलं, पण कारणाच्या रकान्यात आम्ही लिहिलं 'इतर'. आम्हीच लिहिलं, आमच्याच अक्षरात.

तरी खरी अडचण पैशांची नव्हतीच. कॉलेजच्या संमतीपत्रावर आईची सही हवी होती आणि ताई सही करायला तयार नव्हत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "दर्यान माझो भाव खाल्ल्यान. मी सही करूचंय नाय." यावर कोण काय बोलणार? बैठक तिथेच उठली.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या दोन्ही पोरांना गाठलं. म्हटलं, आम्हाला नीट समजावून सांगा, हे नक्की काय असतं. आम्ही पदवीधर, पण यातलं आम्हाला ओ की ठो कळत नव्हतं.

मुलगा आधी सुरू झाला. तो म्हणाला, लोकांना वाटतं शर्यत म्हणजे ॲक्सिलरेटर दाबणं. तसं नाही. शर्यत जिंकतात वळणावर, आणि वळणावर जिंकायचं तर आधी ब्रेक मारायचा. वळण लागण्यापूर्वी वेग कमी करायचा, बाहेरून आत शिरायचं, पुन्हा बाहेर पडताना वेग वाढवायचा. त्यांच्या स्पर्धेत गाडी आधी तपासतात. पट्टे बांधलेल्या चालकाला पाच सेकंदांत गाडीबाहेर पडून दाखवावं लागतं, नाही जमलं तर गाडी पुढे जातच नाही. मग चार तास सलग दगडमातीत पळवायची. इंजिन म्हणाल तर साधारण आपल्या पॉवर टिलरच्या ताकदीचं. मोठ्या ट्रॅकवर वळणावळणाला झेंडे घेऊन माणसं उभी असतात: पिवळा म्हणजे पुढे धोका, लाल म्हणजे शर्यत थांबली, निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येते आहे, वाट दे. यातली बरीच जणं हौशी असतात. नोकरीतून रजा काढून, दिवसभर उन्हात, दुसऱ्याची गाडी पळताना बघायला आणि तिला सांभाळायला उभी राहतात. हे ऐकून आम्हाला आपल्या जत्रेतले स्वयंसेवक आठवले.

त्याने आणखी एक सांगितलं. तमिळनाडूतल्या कोइमतूरला करिवर्धन नावाचे गृहस्थ होते. त्यांनी आपल्या रस्त्यावरच्या मारुती आठशेचं इंजिन काढून शर्यतीची एकआसनी गाडी तयार केली. फॉर्म्युला मारुती म्हणायचे तिला. परदेशी गाडी परवडत नाही तर घरच्या सामानात भागवलं. पुढे फॉर्म्युला वनपर्यंत पोचलेला पहिला भारतीय, नारायण कार्तिकेयन, सुरुवातीला ह्याच गाड्या पळवत होता. घरात आहे त्यात भागवणं म्हटल्यावर आमच्या बायकांनी माना डोलावल्या. ते आपल्याला कोणी शिकवायला नको.

आम्ही विचारलं, यात बाई आहे का एखादी? तो म्हणाला, आहे की, पुण्यातच. डायना पुंडोले. आधी शिक्षिका होत्या, दोन मुलांची आई. 2024 साली त्यांनी राष्ट्रीय मोटार शर्यतीत सलून गटाचं अजिंक्यपद मिळवलं. पुरुषांबरोबर शर्यत लावून. दोन मुलांची आई हे ऐकल्यावर मागे बसलेली एक ताई पटकन म्हणाली, "मुलांना सांभाळलं कोणी?" सगळ्या हसल्या. पण प्रश्न खरा आहे. कोणीतरी सांभाळलं असणार, त्याशिवाय होत नाही.

मग मुलीची पाळी. तिने एक गोष्ट सांगितली ती आम्हाला फार आवडली. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात क्लिअरवॉटर नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. तिथे मुलांसाठी बिनइंजिनाच्या, घरी ठोकलेल्या गाड्यांची उताराच्या रस्त्यावरून शर्यत व्हायची. दुकानदार पैसे घालायचे. पण एकदा शर्यत झाली की ती गाडी अडगळीत. मेजर मॅके म्हणून एकाने सुचवलं, की तेवढ्याच पैशांत मुलांसाठी छोट्या होड्या बांधू, त्या वर्षानुवर्षं वापरता येतील. 1947 साली क्लार्क मिल्स या होडी बांधणाऱ्याने तशी होडी आखून दिली. प्लायवूडच्या दोन तक्त्यांत बसली पाहिजे ही अट. तक्ता आठ फुटी, म्हणून होडीही आठ फुटांच्या आत. नाक पुढे टोकदार नाही, आपल्या काटवटीसारखं चपटं. एकच शीड. नाव ऑप्टिमिस्ट. आज जगभर पंधरा वर्षांपर्यंतची मुलं ह्याच होडीत शिकतात, आपल्या देशातही. म्हणजे गाडीच्या शर्यतीतूनच होडीची शर्यत निघाली! हे ऐकल्यावर पडवीतला वाद थोडा थंडावला म्हणतात.

आमचा अडाणी प्रश्न होता, वारा समोरून असेल तर होडी पुढे कशी जाते? ती म्हणाली, सरळ जातच नाही. वाऱ्याच्या तोंडावर साधारण पंचेचाळीस अंशांत तिरकं जायचं, मग वळून दुसऱ्या बाजूला तिरकं. एसटी घाट चढते तसं. पण तिरकं तरी का जाते, बाजूला का वाहून जात नाही? तिने परसातली फणसाची ओली आठळी दोन बोटांत दाबली, ती सटकन पुढे उडाली. म्हणाली, एका बोटाला वारा समजा, दुसऱ्या बोटाला पाणी. होडीच्या पोटाखाली एक फळी पाण्यात उभी असते, ती बाजूला सरकू देत नाही. वारा एकीकडून दाबतो, पाणी दुसरीकडून धरतं, मग होडीला पुढे निसटण्यावाचून गत्यंतर नाही. बी. ए.च्या तीन वर्षांत आम्हाला कोणी असं शिकवलं नव्हतं.

आणि होड्यांच्या शर्यतीत एक नियम आहे, तो आम्ही त्या दिवसापासून प्रत्येक गटात सांगतो. शर्यत चालू असताना एखाद्या होडीने दुसरीचा हक्काचा रस्ता अडवला, तर शिट्टी मारायला प्रत्येक होडीजवळ पंच नसतो. जिची चूक, तिने आपणहून बाजूला व्हायचं आणि जागच्या जागी दोन फेऱ्या गोल मारायच्या. तेवढा वेळ जातो, बाकीच्या पुढे निघून जातात, तीच शिक्षा. मग परत शर्यतीत. खुणेच्या बोयाला धक्का लागला तर एक फेरी. समुद्रात कोणी बघत नसलं तरी फिरायचं.

तरीही ताईंची सही नव्हतीच. मग आम्ही एक केलं. रविवारी टेम्पो ठरवला आणि गटातल्या नऊ जणी जेटीवर गेलो. ताईही आल्या, पण टेम्पोत एक शब्द बोलल्या नाहीत. तिथे मुलं-मुली सराव करत होती. व्हेलर म्हणतात तसली लांब बोट, वल्ही पण आणि शीड पण. ताईंनी आधी पाहिलं ते लाइफ जॅकेट. हात लावून, पट्टे ओढून, बकल उघडून-लावून पाहिलं. मग तिथल्या शिक्षकांना विचारलं, "वारो पडलो तर?" ते म्हणाले, वल्ही आहेत. "वारो वाढलो तर?" शीड उतरवतो, किंवा लहान करतो. "आणि बोट उलटली तर?" ते म्हणाले, बोटीला धरून राहायचं, पोहत किनारा गाठायला जायचं नाही, बरोबर इंजिनाची बोट असते ती येते. उलटलेली बोट लांबून दिसते, एकटं डोकं दिसत नाही. ताई बराच वेळ गप्प राहिल्या. त्यांचा भाऊ गेला तेव्हा अंगावर जॅकेट नव्हतं आणि मागे दुसरी बोटही नव्हती. हे आम्हाला माहीत होतं, कोणी बोललं नाही.

आमच्यातली शिवणकाम करणारी ताई मात्र वेगळंच बघत होती. ती वाळत घातलेल्या शिडापाशी बसली आणि म्हणाली, ही तर पिकोसारखी शिलाई! खरंच, नागमोडी टाका होता. सरळ टाका मारला तर कापड ताणलं की दोरा तुटतो, नागमोडी टाका कापडाबरोबर थोडा ताणतो. जेटीवर एक म्हातारे तांडेल जाळं विणत होते. ते म्हणाले, त्यांच्या वेळेला शीड मांजरपाटाचं असे आणि ठिगळं घरच्या बायकाच लावत. "शीड बायलांनी शिवायचा आणि फिरवायचा आमी," असं म्हणून तेच हसले.

परतताना मुलीने आईला दोन नावं सांगितली. आमच्यासमोरच सांगितली, कारण एकटीने सांगायचं धाडस नव्हतं. पहिलं, नेहा ठाकूर. मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातली, शेतकऱ्याची मुलगी. जिथे समुद्र नाही त्या भोपाळच्या तलावावर शिकली आणि 2023 साली चीनमधल्या आशियाई खेळांत शिडाच्या होडीत रौप्यपदक घेऊन आली. दुसरं नाव बोटीचं, तारिणी. आपल्या शेजारी गोव्यात, दिवाडी बेटावर बांधलेली. 10 सप्टेंबर 2017 ला नौदलाच्या सहा महिला अधिकारी तिच्यातून गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीला वळसा घालून 21 मे 2018 ला परतल्या, 254 दिवसांनी. वाटेत सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला तर मॉरिशसला थांबून दुरुस्ती केली. नंतर 2024 च्या ऑक्टोबरात त्याच बोटीतून दोघीच जणी निघाल्या, दिलना आणि रूपा, आणि 2025 च्या मे महिन्यात परत आल्या. दोघीच! एक झोपली की दुसरी जागी.

ताई एवढंच म्हणाल्या, "त्यांच्या आयशींनी आठ म्हयने कसे काढल्यानी असतील?"

सही त्यांनी बुधवारी केली. कोणासमोर नाही, घरी. दहा दिवस त्यांनी मासे विकायला जाणं सोडलं नाही, पण रोज संध्याकाळी वाऱ्याकडे बघायच्या आणि आम्हाला फोन करायच्या. चौथ्या दिवशी खरंच वारा वाढला आणि मोहीम एक दिवस बंदरात थांबली. त्या रात्री ताईंनी तीन फोन केले, तिसरा साडेअकराला. आमच्याकडे काही उत्तर नव्हतं, आम्ही नुसतं फोनवर बसलो.

मुलगी आली ती नाक सोललेलं, तळहातांना घट्टे. ताईंनी तळहात उलटे करून पाहिले, खोबरेल आणून दिलं. मग म्हणाल्या, आता मला दाखव ती आठळी कशी उडते.

आणखी एक राहिलं. त्या महिन्याच्या बैठकीत आम्ही वही उघडली. वहीत खाडाखोड करायची नसते हे आम्हीच सगळ्यांना शिकवतो, त्यामुळे 'इतर' खोडता आलं नाही. समोरच्या मोकळ्या जागेत लाल शाईने लिहिलं: 'कारण चुकीचं नोंदवलं. शिक्षण असं वाचावं.' खाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या, आमची पहिली. शिवणकामवाल्या ताई मागून म्हणाल्या, "दोन फेऱ्या मारा आता." आम्ही उठलो आणि वही हातात घेऊन समाजमंदिराच्या खांबाला दोन फेऱ्या मारल्या. बाहेर खेळणारी पोरं खिडकीत येऊन बघत होती.

चला, रात्र झाली. भांडी राहिलीत ना? पुढच्या सोमवारी भेटू.