दरवाजा बंद आहे, की माहितीच नाही?

आजचा भाग थोडा डोक्याला ताप देणारा आहे, पण धरणाच्या काठावर बसून बोलू, म्हणजे जमेल.

भोरजवळचं भाटघर धरण. वेळवंडी नदीवरचं, १९२० च्या दशकात बांधलेलं, जुनं नाव लॉईड डॅम. साधारण साडेतेवीस टीएमसी पाणी मावतं. धरण भरत आलं, की खाली नीरेच्या काठी निरोप जातो: नदीतल्या मोटारी काढा, जनावरं वर आणा.

आता समजा, या निरोपाचं ॲप आपल्याला करायचंय. सर्व्हर हास्केलमध्ये, अँड्रॉइड ॲप कॉटलिनमध्ये, आयफोनचं स्विफ्टमध्ये, वेबसाइट टाइपस्क्रिप्टमध्ये. चार भाषा, दरवाजा एकच!

हास्केलमध्ये दरवाज्याचा टाइप एका ओळीत लिहून होतो. दरवाजा म्हणजे ‘बंद’, किंवा ‘उघडा, इतके क्युसेक’, किंवा ‘माहिती नाही’. या तिन्हींपैकी एकच. याला सम टाइप म्हणतात. (गंमत म्हणजे ही नावं हास्केलमध्ये देवनागरीत लिहिता येत नाहीत. तिथे असं नाव कॅपिटल अक्षराने सुरू व्हावं लागतं, आणि आपल्याकडे कॅपिटल आहेच कुठे?)

हाच दरवाजा घाईत नुसता आकडा म्हणून लिहिला, तर काय होईल? सेन्सर गप्प झाला, कुणीतरी शून्य भरलं, आणि शेतकऱ्याच्या फोनवर आलं: विसर्ग शून्य. तो निवांत झोपला, मोटार नदीत. ‘बंद’ आणि ‘माहिती नाही’ यांच्यात एवढा फरक आहे.

म्हणून हा टाइप चारही ठिकाणी जसाच्या तसा पोचला पाहिजे. हाताने चार वेळा लिहिला, तर आज ना उद्या एक प्रत मागे राहणार. त्यापेक्षा मशीनला लिहू द्या. हास्केलचा कंपायलर टाइपची रचना प्रोग्रामच्या हाती देऊ शकतो, जेनेरिक्समधून किंवा टेम्प्लेट हास्केलमधून. ती रचना वाचून प्रोग्राम दुसऱ्या भाषेतला कोड फाइलमध्ये लिहून काढतो.

स्विफ्टमध्ये हे सोपं जातं, तिथला एनम आत माहिती ठेवतो. कॉटलिनमध्ये सील्ड क्लास. टाइपस्क्रिप्टमध्ये प्रत्येक पर्यायावर खुणेची चिठ्ठी लावून युनियन करायचं. सी भाषेत मात्र एनम आणि युनियन शेजारी शेजारी ठेवायचे आणि देवावर हवाला, कारण चुकीच्या कप्प्यात हात घातला तरी सी तुम्हाला अडवत नाही.

खरी मेख पुढे आहे. टाइप जुळला तरी जेसॉन जुळायला हवा. हास्केलची एसॉन लायब्ररी नेहमीच्या सेटिंगमध्ये काय करते बघा. सगळे पर्याय रिकामे असतील, नुसतं बंद-उघडा, तर ती साधी स्ट्रिंग पाठवते. उद्या ‘उघडा’ला क्युसेक जोडले, की सगळ्यांचाच ऑब्जेक्ट होतो. ‘बंद’चासुद्धा! ज्याला आपण हातही लावला नव्हता. सर्व्हर तुम्ही आज बदलाल हो, पण काठावरच्या माणसाच्या फोनमध्ये ॲप सहा महिन्यांपूर्वीचंच असतं. माझं म्हणणं, ही स्ट्रिंगची सवलत पहिल्याच दिवशी बंद करून टाका. एक सेटिंग आहे.

एककांचंही तसंच. हास्केलमध्ये क्युसेक आणि क्युमेक यांना न्यूटाइपने वेगळं ठेवता येतं, कंपायलर मिसळू देत नाही. एक क्युमेक म्हणजे ३५ हून थोडे जास्त क्युसेक, म्हणजे गोंधळ लहान नाही. पण जेसॉनमध्ये दोन्ही नुसते आकडे. टाइपस्क्रिप्टमध्ये दोघांना वेगळी नावं दिली, तरी ती टोपणनावंच. एकाच्या जागी दुसरं बिनबोभाट चालतं. म्हणून जनरेटरने फील्डच्या नावातच एकक लिहावं. दिसायला गबाळं, पण वाचणाऱ्याला कळतं.

आता तुम्ही म्हणाल, हे हास्केलवाल्यांचं खूळ. तर ऐका. १९९७ मध्ये प्रिन्स्टनच्या मंडळींनी एएसडीएल नावाची छोटी भाषा मांडली, एमएलसारखे टाइप लिहायचे आणि त्यातून सी, जावा वगैरेंचा कोड काढायचा. कॉलेजात शिकता ते पायथन आजही हेच वापरतं. त्याच्या सोर्समध्ये ‘पार्सर’ फोल्डरात एक एएसडीएल फाइल आहे. पायथनमध्ये वाक्यं किती प्रकारची, एक्स्प्रेशन्स किती प्रकारची, सगळं तिच्यात उभ्या रेघांनी वेगळं करून लिहिलंय, आणि त्यावरून सीचा भलामोठा कोड तयार होतो. फाइल छोटी आहे, फोनवरही वाचून होईल. उघडा आणि ‘इफ’ शोधा. पर्यायांच्या नावांत दोनदा सापडेल: एकदा वाक्यांत, आणि ‘एक्स्प’ जोडून एकदा एक्स्प्रेशन्समध्ये.