जुनी गाडी चालू होत नाही, तेव्हा...
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावर दरवर्षी संतसाहित्य, आरोग्य, मुलांचं शिक्षण असे विषय होतात. यंदा कार्यकारिणीनं आम्हाला सांगितलं, "तुमचा मेकॅनिकलचा डिप्लोमा आहे, तर आपल्या अंगणात उभ्या असलेल्या जुन्या गाड्यांवर बोला." विषय ऐकून काहींना हसू आलं असेल. पण गाडी रात्री दोन वाजता चालू झाली नाही, तर हसू पळतं, हे आम्ही स्वतः पाहिलं आहे.

पोळा आणि गोटमार होऊन आठवडाही झाला नाही. खांदशेकणीच्या संध्याकाळी आपल्या घरचे जुने लोक बैलाच्या खांद्याला हळद-तूप लावताना हातानंच ओळखत, कुठे सूज आहे, कुठे कातडं सोललं आहे. बैल घेताना दात बघत, चाल बघत. जनावर खात नसेल तर आधी विचारत, केव्हापासून खात नाही, रवंथ करतो का, पाणी पितो का. औषध त्यानंतर. गाडीच्या बाबतीत मात्र आपण उलट करतो. आधी पार्ट बदलतो आणि आजार मागून शोधतो.

आपल्याकडे बहुतेक गाड्या नागपूरहून दुसऱ्या हातानं आलेल्या आहेत. त्यात गैर काही नाही. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौसर त्यात आलं, तरी मोठ्या दवाखान्यासाठी आपण अजून सावनेरमार्गे नागपूरच गाठतो. म्हणून दारातली जुनी गाडी ही नुसती हौस नाही, वेळप्रसंगी तीच घरची रुग्णवाहिका आहे.

दोन वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका रात्री आमच्या मोठ्या आईला दम लागला. आम्ही चावी फिरवली. बोनेटखाली फक्त 'टक' असा आवाज झाला, बाकी काही नाही. पाच-सात वेळा प्रयत्न केला. शेवटी शेजारच्यांना उठवून त्यांच्या गाडीनं नागपूरला नेलं. मोठी आई आज इथे पुढच्या रांगेत बसली आहे, म्हणून हे सांगायला धीर होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही मेकॅनिकला बोलावून म्हटलं, "गाडी चालू होत नाही." त्यानं बॅटरी बदलली. गाडी चालू झाली. वीस दिवसांनी पुन्हा तीच 'टक'. या वेळी सेल्फ बदलला. महिनाभर बरं चाललं आणि पुन्हा तेच. तेव्हा आम्ही शांतपणे बसलो आणि डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी शिकलेलं आठवलं. जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला लावलं, दुसरं थेट इंजिनच्या उघड्या लोखंडाला. चावी फिरवताच सेल्फनं इंजिन जोरात फिरवलं. म्हणजे बॅटरी चांगली होती, सेल्फही चांगला होता. इंजिन आणि बॉडी यांना जोडणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीचा नटबोल्ट गंजला होता. बॅटरी-सेल्फच्या कामात पट्टी हलायची, तात्पुरती पकड यायची आणि आम्हाला वाटायचं की दुरुस्ती झाली. पॉलिश पेपरनं घासून नट आवळला, काम दहा मिनिटांचं.

यात मेकॅनिकचा दोष किती? आमचाच जास्त. 'चालू होत नाही' हे सांगणं म्हणजे डॉक्टरला 'बरं वाटत नाही' एवढंच सांगण्यासारखं आहे. 'चालू होत नाही' यात तीन वेगवेगळे आजार आहेत. ते वेगळे करता आले, तर अर्धा खर्च वाचतो. आजचं आमचं सगळं सांगणं एवढंच आहे.

पहिला आजार : इंजिन फिरतच नाही. हेडलाइट लावा आणि सेल्फ मारा. दिवे एकदम मिणमिणले, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर बसला आहे. दिवे लख्ख राहिले आणि नुसती 'टक' आली, तर सेल्फ, त्याची जाड वायर किंवा आमच्यासारखी अर्थिंगची पट्टी बघा. मीटर असेल तर रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दिसली पाहिजे, १२.४ च्या खाली असेल तर ती चार्ज करायला हवी. गाडी चालू असताना तोच आकडा साधारण १३.८ ते १४.४ दिसतो. तो चढत नसेल, तर दोष डायनामोकडे आहे, नवी बॅटरीही आठ दिवसांत उतरेल.

दुसरा आजार : इंजिन फिरतं, पण पेटत नाही. इंजिनाला तीन गोष्टी लागतात : पेट्रोल, ठिणगी आणि हवा. इंजेक्शनच्या गाडीत सेल्फ न मारता नुसती चावी ऑन करा आणि कान मागच्या सीटकडे द्या. दोन सेकंद 'ऽऽम्' असा पंपाचा आवाज येतो. तो आला नाही, तर आधी पंपाचा फ्यूज आणि रिले बघा, पंप त्यानंतर. डॅशबोर्डवर चावीचं चिन्ह लुकलुकत असेल, तर चावीची चिप ओळखली जात नाही. दुसरी चावी लावून बघा. पावसाळ्यात जुन्या गाड्यांच्या प्लगच्या वायरींत ओल शिरते आणि ठिणगी भलतीकडे जाते. कोरड्या फडक्यानं पुसून गाडी चालू झाली, तर त्या वायरी बदलायची वेळ आली आहे. घरात धान्य असेल तर उंदरांनी वायरी कुरतडल्या नाहीत ना, तेही बघा. आणि सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. मध्ये अर्धा मिनिट थांबा.

धक्का मारून गाडी चालू करायची आपली जुनी सवय आहे. कार्बोरेटरच्या काळात ती चालून गेली. इंजेक्शनच्या गाडीत पुन्हा पुन्हा धक्का मारला, तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तो महागडा भाग खराब होतो. ऑटोमॅटिक गाडी तर धक्क्यानं चालूच होत नाही.

तिसरा आजार : पेटतं, पण स्लोवर टिकत नाही. सिग्नलला थांबलं की गाडी थरथरते आणि बंद पडते. इथे एकच विचारायचं : केव्हा? सकाळी थंड असतानाच त्रास देते की गरम झाल्यावर? एसी लावल्यावर की नेहमी? एसी लावताच बंद पडत असेल, तर बहुधा थ्रॉटल बॉडीत काजळी साठली आहे. ती साफ करणं स्वस्त काम आहे. स्लो आपोआप वर-खाली होत असेल, तर इंजिनजवळ कान देऊन 'स्स्' असा आवाज येतो का ऐका; रबरी नळी चिरली की तिथून जादा हवा आत जाते. गाडी तासभर चालून गरम झाल्यावर बंद पडते आणि अर्ध्या तासानं जणू काही झालंच नाही अशी चालू होते, तर क्रँक सेन्सर किंवा इग्निशन कॉइलचा संशय घ्या. सिलेवानीच्या घाटात असं झालं, तर गाडी बाजूला घ्या, बोनेट उघडून इंजिन थंड होऊ द्या. 'थंडीत', 'गरम झाल्यावर', 'एसीत' हे शब्द मेकॅनिकला सांगा. त्याचं निम्मं काम सोपं होतं.

ज्यांच्याकडे कार्बोरेटरची मारुती ८०० अजून जपलेली आहे, त्यांच्यासाठी एक गोष्ट. तिच्या बारीक जेटमध्ये कचरा अडकला की स्लो जातो. अशा वेळी आयडलचा स्क्रू पिळून तात्पुरतं भागवू नका, जेट साफ करून घ्या. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल, तर टाकी रिकामी ठेवू नका. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्याही वर्षातून एकदा तपासा.

कुणी दिवाळीला जुनी गाडी घेणार असेल, तर विकणाऱ्याला आधीच सांगा की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं, तर थंड गाडीचा दोष लपवला जात असू शकतो. मग एसी आणि दिवे लावून दहा मिनिटं स्लोवर उभी ठेवा. धूर निळा असेल तर ऑइल जळतं आहे, काळा असेल तर पेट्रोल जास्त जातं आहे. गाडी महाराष्ट्राच्या नंबरची असेल, तर तिथल्या आरटीओची एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

शेवटची विनंती. जुनी गाडी मिळते, तिचा इतिहास मिळत नाही. तो आपण लिहायचा. आमच्या सरकारी नोकरीत प्रत्येक कागदावर तारीख टाकायची सवय लागते, ती इथे कामी आली. एक साधी दहा रुपयांची वही गाडीत ठेवली आहे. काय झालं, केव्हा झालं, तेव्हा गाडी थंड होती की गरम, काय बदललं, किती किलोमीटरला. बॅटरी आणि सेल्फचा नाहक झालेला खर्च हे तिचं पहिलं पान आहे. आता घरातला मुलगा गाडी घेऊन गेला, तरी परत आल्यावर वहीत ओळ लिहितो.

मोठ्या आईची तपासणी दर तीन महिन्यांनी नागपूरला असते. आदल्या संध्याकाळी आम्ही एकदा सेल्फ मारून बघतो, मगच जेवायला बसतो. तुम्हीही आज घरी गेल्यावर बोनेट उघडा, बॅटरीची टर्मिनलं आणि अर्थिंगची पट्टी बघा. पैसे लागत नाहीत, पाच मिनिटं लागतात.