थायरॉईडच्या कर्करोगानंतर रक्ताची साक्ष

उपचार संपले, तरी तपासणीचा कागद हातीं येतांच घरच्यांच्या उरांत धडकी भरते. पॅपिलरी व फॉलिक्युलर कर्करोगांत त्यावरील मुख्य आंकडा थायरोग्लोब्युलिनचा. हें प्रथिन केवळ थायरॉईडच्या पेशी निर्माण करतात. म्हणून संपूर्ण ग्रंथि काढून किरणोत्सर्गी आयोडिन दिल्यावर तें जवळजवळ नाहींसें व्हावें. गोळ्या चालूं असतां मिलिलिटरमागें ०.२ नॅनोग्रॅमहून कमी आंकडा समाधानकारक मानतात. मात्र रक्तांत त्याविरुद्ध प्रतिपिंडें असल्यास तो खोटाच कमी दिसण्याचा संभव. यास्तव त्यांचीहि तपासणी सोबत करतात. एकच वाढीव आंकडा म्हणजे रोग परतला असें नव्हे, टी. एस. एच. वाढल्यानेंहि तो चढतो. एकाच प्रयोगशाळेच्या लागोपाठ अहवालांत तो चढतच गेला, तर डॉक्टर पुढील शोध घेतात. म्हणून जुने कागद जपावे. खरी साक्ष त्यांच्या मालिकेंत असते.